लेकीच्या बाळंतपणाला

भावडबारीचा चढ चढता चढता एसटी धापा टाकायला लागली आणि मध्येच थांबली. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडलं तसा वाफेचा लोट वर आला. आता ही हलायची नाही, असं त्यानं कंडक्टरला मान हलवूनच सांगितलं. माणसं कुरकुरत खाली उतरू लागली. पुंजा मात्र बसून राहिला. उतरायचं म्हणजे बायकोला, मालनबाईला उतरवायचं, आणि ती उठली की दोघांच्या मनगटांना बांधलेली पट्टी सगळ्यांना दिसणार.

जुन्या धोतराची ती पट्टी त्यानं पहाटे नामपूरला घरातच बांधली होती. एक टोक तिच्या हाताला, दुसरं आपल्या. वरून तिचा पदर ओढून घेतला होता.

पुंजा नामपूरच्या शाळेत शिपाई. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दहावं-तेरावं होईपर्यंत मालनबाई इतर बायांसारखीच रडली. मग एके सकाळी ती सूप घेऊन ओट्यावर बसली आणि डिंक निवडू लागली. लेकीचे दिवस भरत आले, आता जायला पाहिजे, म्हणाली. तेव्हापासून ती कधीही उठून चालू लागायची. कधी सटाण्याच्या रस्त्यावर सापडायची, कधी मोसम नदीच्या पात्रात. शाळेत जाताना पुंजा तिला आत ठेवून कडी घालायचा. अंगारे-धुपारे झाले, सटाण्याचे डॉक्टर झाले. शेवटी त्या डॉक्टरांनीच सांगितलं, की नाशिकला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवल्याशिवाय इलाज नाही. पुंजानं ऐकून घेतलं. त्याचं रडणं, चिडणं केव्हाच संपलं होतं. शाळेची घंटा द्यावी तसं तो सगळं करत होता, वेळ झाली की. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, आणि तो मालनबाईला एवढंच म्हणाला, की चल, लेकीकडं जाऊ. त्यावर ती न सांगता न्हाऊन तयार झाली होती.

गाडी रिकामी झाली तेव्हा उतरावंच लागलं. पायरीवर मालनबाईचा पदर घसरला आणि पट्टी उघडी पडली. दोन-तीन माणसांनी पाहिलं आणि नजर वळवली. देवळ्याला चढलेली एक हिरव्या लुगड्यातली बाई मात्र सरळ जवळ आली.

"सोडा ते, भाऊ. वळ उठलाय त्यांच्या हातावर."

"पळती ती," पुंजा म्हणाला.

"मी बसते ना जवळ. कुठं पळतील?"

गाठ घट्ट बसली होती. बाईनं ती नखांनी उकलली. मालनबाईनं मनगट चोळलं आणि ती त्या बाईबरोबर रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसली. पळाली नाही. बाईनं तिला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं, कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. भाकरीचं फडकं सोडून अर्धी भाकरी पुढे केली. खाऊन झाल्यावर पिशवीतून फणी काढली आणि मालनबाईचे गुंता झालेले केस हळूहळू सोडवायला घेतले. पुंजाला कित्येक महिन्यांपासून ती तिथं हात लावू देत नव्हती.

तो जरा अंतरावर दगडावर बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. बाईनं कुठं निघालात विचारलं, तर मालनबाई सांगू लागली, की लेक नाशिकला असते, तिच्या बाळंतपणाला चाललेय. मग दोघींचं सुरू झालं. डिंक कुठून घेतला, ओवा भाजून ठेवलाय का, बाळंतिणीला पहिले दिवस काय द्यायचं. मालनबाई प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर देत होती. कुठं अडखळत नव्हती.

"खारीक कुटून ठेवली शे," ती म्हणत होती. "पण पोर पहिलटकरीण शे ना, लय भिती. मी गेल्याशिवाय तिला धीर यायचा नाय."

हा आवाज पुंजाच्या ओळखीचा होता. शेजारपाजारच्या बायांशी बोलतानाचा, विहिरीवरचा. तो त्याला दोन वर्षांत ऐकू आला नव्हता. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पण काही वाटलं नाही. समोर रस्ता तापला होता आणि त्यावरून ऊन हलताना दिसत होतं, तेवढंच.

वेणी घालून झाल्यावर ती बाई त्याच्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "चांगल्या तर हायेत की हो. बांधून कशाला न्यायचं?"

पुंजानं तिला सांगितलं. हेडमास्तरांना रजेचं कारण सांगावं, तशा आवाजात. लेक दोन वर्षांपूर्वीच गेली, पोटातल्यासकट. हिला नाशिकला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवायला नेतोय.

बाईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती परत लिंबाखाली गेली आणि मालनबाईशेजारी बसली.

"मग ताई, बाळंतिणीची खोली हवेशीर हाय ना?"

"शे ना. मोठी खिडकी शे."

दुसरी एसटी कधी येईल याचा पत्ता नव्हता. कंडक्टर येणाऱ्या गाड्यांना हात करत होता. शेवटी कांद्याचा एक ट्रक थांबला. कंडक्टर ट्रकच्या ड्रायव्हरशी काय बोलला कोण जाणे, पण ड्रायव्हर खाली उतरला, केबिनमधली आपली घोंगडी झटकून दोन्ही बायांसाठी नीट अंथरली आणि पुंजाला मागे गोण्यांवर चढायला हात दिला. पुंजा गोण्यांवर पडून राहिला. कांद्याची फोलपटं वाऱ्यानं तोंडावर येत होती. पिंपळगाव गेलं, ओझर गेलं. आत केबिनमध्ये बायका बोलत असाव्यात. त्याला फक्त इंजिन ऐकू येत होतं.

ट्रक मुंबईला जायचा होता. ड्रायव्हरनं त्यांना नाशिकात द्वारकेच्या चौकात सोडलं, स्वतःच एक रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचा रस्ता समजावला. पुंजाला वाटलं, बाई आता आपल्या वाटेनं जाईल. पण ती मालनबाईच्या आधी रिक्षात चढून बसली. तिच्या भाचीचा साखरपुडा होता पंचवटीत, हे तिनं वाटेत सहज बोलता बोलता सांगितलं. मुहूर्त दुपारचा होता, तो टळून गेला असणार.

"तुम्ही जावा," पुंजा म्हणाला. "आता जवळच आलं."

"साखरपुड्याला काय, माणसं हायेत भरपूर," ती म्हणाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक नर्स टेबलाशी बसली होती. तिनं नाव विचारलं, तर पुंजाच्या आधी मालनबाईनंच सांगितलं. गाव सांगितलं. लेकीच्या बाळंतपणाला आलेय, हेही सांगितलं. नर्सनं पुंजाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"लांबून आल्यात त्या, सिस्टर," हिरव्या लुगड्यातली बाई म्हणाली. "सकाळपासून उन्हात हायेत. आत जरा टेकू द्या त्यांना."

नर्सला कळलं असावं. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि मालनबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चला आई. आत खाट आहे, पडा थोडं."

मालनबाई निघाली. दुसऱ्या बाजूनं बाईनं तिचा हात धरला होता. पुंजाही मागोमाग चालू लागला. दाराशी गेल्यावर मालनबाई वळली आणि तिनं त्याच्याकडे बघितलं. नीट, ओळखून बघितलं.

"तुम्ही कुठं येता? बाहेर थांबा. बाळंतिणीच्या खोलीत गड्यांचं काय काम?"

"बरं," पुंजा म्हणाला.

दार लागलं. तो बाहेर उभा राहिला. मग डॉक्टर आले, त्यांनी काही विचारलं, त्यानं सांगितलं, दाखवतील तिथं सही केली. बऱ्याच वेळानं ती बाई बाहेर आली. मालनबाई झोपल्या, म्हणाली.

"काही खाऊन घ्या, भाऊ," एवढं म्हणून ती फाटकाबाहेर गेली. भराभर चालत होती. तिचं नाव विचारायचं राहिलं, हे बस स्टँडवर गेल्यावर पुंजाच्या ध्यानात आलं.

परतीच्या गाडीत त्याला खिडकीशी जागा मिळाली. पिंपळगावला एक म्हातारा चढला. मळकं धोतर, पायात धुळीनं पांढरे पडलेले जोडे. तो पुंजाशेजारी टेकला आणि गाडीनं वेग घेतला तसा डुलक्या घेऊ लागला. थोड्या वेळानं त्याचं डोकं पुंजाच्या खांद्यावर येऊन पडलं. सगळा भार टाकून तो झोपला. तोंड उघडं, श्वास गरम.

ऊन उतरत चाललं होतं. कंडक्टर तिकिटं काढत त्यांच्यापाशी आला आणि म्हाताऱ्याला हलवायला वाकला.

"तुमच्याबरोबर आहेत का हे?"

"नाय," पुंजा म्हणाला. "पण झोपू द्या."

त्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. खांदा भरून आला होता. तो हलला नाही. सटाणा येईपर्यंत तसाच ताठ बसून राहिला.