बोटभर हवा

मित्रांनो, माझ्या उजव्या अंगावरचा हा तपकिरी डाग बघून हसू नका. हसणारे पुष्कळ होऊन गेले. मी एका मोटारगाडीचे जुने बॉनेट आहे, फायबरचे, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाचे. डाग वाईट दिसतो, हे मला ठाऊक आहे. पण तो पडला नसता तर तुम्हाला सांगण्यासारखे माझ्यापाशी काहीच नसते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लायनेल नावाच्या माणसाने साच्यात आधी रंग ओतला, मग काचेच्या धाग्यांचे पापुद्रे एकावर एक बसवले आणि राळेत भिजवले. छोटा रूळ फिरवून तो आतले बुडबुडे काढत होता आणि पुटपुटत होता, "हवा आत राहिली की संपलं. हवा म्हणजे वैरी, समजलं का?" मी मनाशी खूणगाठ बांधली. हवा म्हणजे वैरी! जन्मदात्याचे पहिले वाक्य कोण विसरेल?

आमची गाडी सुट्या भागांत विकली जाई. विकत घेणाऱ्याने ती घरी, स्वतःच्या हाताने बांधायची. मला घेतले थेल्माने. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या बस डेपोत तेहतीस वर्षे तिने इंजिने दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर स्वतः बांधलेली गाडी स्वतः चालवत फाइली गावच्या समुद्रावर न्यायची, एवढेच तिचे स्वप्न होते. पण तिची आई अंथरुणाला खिळली आणि माझी रवानगी गॅरेजमध्ये शिडीमागे झाली. नऊ वर्षे! थेल्माची धाकटी बहीण आयव्ही शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिने माझ्यावर जॅमच्या बरण्या मांडल्या. काय सांगू मित्रांनो, बॉनेटचे फडताळ झाले!

आई गेली, बरण्या उतरल्या आणि थेल्माने बाह्या सरसावल्या. दोन वर्षांत गाडी उभी राहिली, सरकारी तपासणीत पासही झाली. त्याच वसंतात डॉक्टरांनी थेल्माचे डोळे तपासले. कडेचे पुसट होत चालले होते. "हा उन्हाळा खुशाल चालवा," ते म्हणाले. "शरदात पुन्हा बघू. पण तेव्हा परवाना राहील, असं मला वाटत नाही." म्हणजे फाइलीसाठी हाती एकच उन्हाळा होता.

पहिल्याच फेरीत घात झाला. धुराचा तापलेला पाइप माझ्या उजव्या बाजूखालून, अगदी पोटाजवळून जात होता. टेकडी चढून परत येईपर्यंत माझा रंग करपला आणि गॅरेजभर वास सुटला. घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबात थेल्मा जाई, तिथल्या अर्नेस्टने वाकून पाहिले. स्वतःची गाडी चौदा वर्षे अर्धवट ठेवून इतरांना सल्ले देणे हे त्याचे मुख्य काम.

"परत भाजलं तर राळ सुटेल, भोकच पडेल," तो म्हणाला. "आणि लायनेलची शेड कधीच बंद झाली. दुसरं बॉनेट स्वप्नातसुद्धा मिळायचं नाही."

मग धग अडवायला मध्ये काय घालायचे, यावर क्लबात नुसता कालवा सुरू झाला. कोणी म्हणे सोनेरी पन्नी चिकटव, कोणी म्हणे पाइपावर लेप दे. तिघांची चार मते! शेवटी आयव्हीने तोडगा काढला. किटलीसाठी लोकरीच्या टोप्या विणण्यात तिचा हात धरणारे गल्लीत कोणी नव्हते.

"किटलीला आपण टोपी घालतो ना? तशी पाइपाला घाल की! आत छान गुंडाळून ठेव, म्हणजे बाहेर काही लागायचं नाही."

थेल्मालाही ते पटले. चहाच्या किटलीवर शंका घ्यायची तिथे पद्धतच नाही. तिने पाइपाला आगीत न जळणाऱ्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या आणि माझ्या पोटाला जाड गादी चिकटवली. मध्ये फटसुद्धा ठेवली नाही. मलाही बरे वाटले. हवा म्हणजे वैरी, नाही का?

गाडी धावत होती तोवर सगळे ठीक होते. पण घरी येऊन इंजिन बंद केले आणि समोरून येणारा वारा थांबला. कोंडलेली धग जायची कुठे? ती गादीत शिरली आणि गादीतून माझ्यात. मी इंचाइंचाने भाजत होते आणि त्या दोघी आत हात धूत होत्या. वास आला तेव्हा थेल्मा धावत आली, तिने गादी ओरबाडून काढली. डाग दुप्पट झाला होता. मी तेव्हा फार घाबरले, खरे सांगते.

"आपण टोपी कशाला घालतो? किटली गरम राहावी म्हणून!" थेल्माने कपाळावर हात मारला. "इथेही टोपीने तेच केलं. तिचं बिचारीचं काय चुकलं?"

आयव्हीचा चेहरा उतरला. डोळ्यांचे कळल्यापासून ती थेल्मालाही असेच गुंडाळत होती. तिच्या चहात साखर तीच ढवळायची, गॅरेजच्या पायरीवर तिचा दंड धरायची. आता ती हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. आपण फाइलीला बसने जाऊ. मी नेते ना तुला!"

"मला नेऊ नकोस!" थेल्मा कडाडली. "मला जायचंय!"

दुसऱ्या दिवशीही दोघींचा राग उतरला नव्हता. तरी आयव्ही नाश्ता घेऊन गॅरेजात आली आणि ट्रे माझ्याशेजारी ठेवला. तारेच्या स्टँडात टोस्ट ओळीने उभे होते. थेल्माने एक चावला आणि तोंड वाकडे केले.

"परत गार!"

"स्टँडात गार होणारच," आयव्ही फणकारली. "आई असेच ठेवायची, आजीही. एकावर एक ठेवले तर घामेजून लोळागोळा होतात. उभे ठेवले की मधून वारा खेळतो."

"म्हणजे अख्खं यॉर्कशर पिढ्यान्‌पिढ्या गार टोस्ट खातंय ते..." थेल्मा चावता चावता थांबली. तिने दोन टोस्टांच्या मधल्या फटीत बोट घातले. मग तेच बोट पाइप आणि माझ्या मधल्या जागेत धरले. "आयव्ही! गुंडाळायचंच नाही. मध्ये एक पत्रा उभा करायचा. पाइपापासून बोटभर दूर, बॉनेटपासून बोटभर दूर. दोन्हीकडून वारा खेळू दे!"

लायनेल, तू ऐकायला हवे होतेस! अंगात अडकलेली हवा वैरी असेलही, पण दोघांमध्ये खेळणारी हवा जीव वाचवते.

पत्रा हवा होता अॅल्युमिनियमचा, पातळ आणि चकचकीत. आयव्ही घरात गेली आणि भाजणीचा एक मोठा ट्रे घेऊन आली. निवृत्तीच्या दिवशी शाळेने तिला तिचा हा रोजचाच ट्रे दिला होता.

"तीस वर्षं पोरांची पुडिंगं भाजलीत यात," ती म्हणाली. "धग याला नवी नाही. काप."

"नक्की?"

"काप म्हणते ना! आणि ते आता डोळ्यांतून पाणी काढू नकोस, कापताना वाकडं जाईल."

थेल्माने ट्रे कापला, वळवला आणि नळीच्या बोटभर लांबीच्या चार तुकड्यांवर माझ्या पोटाखाली बसवला. माझ्या मागच्या कडेला तिने लांबट खाचाही पाडल्या, गरम वारा निघून जायला. दुखले, पण मी सोसले.

ऑगस्टच्या एका शनिवारी आम्ही निघालो. वाटेत मॉल्टन गावाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. वीस मिनिटे एक चाकही हलेना. वारा नाही, वर ऊन, खाली पाइप. थेल्मा उतरली आणि तिने माझ्या डागावर तळहात टेकला. तो तिने उचललाच नाही.

"कसं आहे?" आयव्हीने विचारले.

"कोमट," थेल्मा म्हणाली. "तुझ्या टोस्टसारखं."

आयव्ही इतकी हसली की पुढची गाडी हललेली दोघींना कळलीच नाही. तासाभराने फाइलीचा समुद्र दिसला. थेल्माने मला पाण्याकडे तोंड करून उभे केले, इंजिन बंद केले आणि दोन्ही हात चाकावरच ठेवून ती कितीतरी वेळ बघत राहिली. "कडा पुसट आहेत," ती म्हणाली, "पण समुद्र मावतोय."

शरदात परवाना गेला. मला वाटले, पुन्हा शिडीमागे, पुन्हा बरण्या. पण सहासष्टाव्या वर्षी आयव्ही गाडी शिकली! आता ती चालवते आणि थेल्मा शेजारी बसून आवाजावरून सांगते, "गिअर बदल, बाई, ओरडतंय बिचारं." थांबलो की थेल्मा उतरते आणि तळहाताने माझा ताप बघते. त्याला डोळे लागत नाहीत.

मागच्या रविवारी थेल्माला सीटच्या पट्ट्याचे बक्कल चटकन सापडेना. आयव्हीचा हात सवयीने पुढे गेला.

"बोटभर, आयव्ही," थेल्मा म्हणाली.

आयव्हीने हात मागे घेतला. थेल्माने चाचपडत चाचपडत बक्कल शोधले आणि खट्‌कन लावले. मग आम्ही निघालो.

मित्रांनो, तुमच्याकडेही जपण्यासारखे काहीतरी असेल, कोणीतरी असेल. त्यांना जरूर जपा, नऊ वर्षे शिडीमागे टाकू नका. पण मायेपोटी करकचून गुंडाळूही नका. तुमच्या आणि त्यांच्या मध्ये बोटभर हवा खेळू द्या.