जुनी पेशी

"ही जंतूची पेशी. जुनी, साधी. बाहेरून भिंत आहे, पण आत एकही आडभिंत नाही. सगळा पसारा एकाच खोलीत," ओसरीच्या फरशीवर खडूने चित्र काढत करुणा म्हणाली.

आत डाळ निवडणाऱ्या जनकाबाईचा हात थांबला. सून शिकवणीच्या पोरींना सांगते आहे, हे तिला कळत होतं. पण 'लेकी बोले सुने लागे' हा खेळ तिने जन्मभर पाहिलेला. टोमणा कधी सरळ दारातून येत नाही. कुरुंद्यातल्या या एका पत्र्याच्या खोलीत तिने चूल मांडली, लेकाला, रविंद्रला वाढवलं, नवऱ्याची तिरडीही इथूनच उचलली. आणि आता अंगणात नव्या घरासाठी चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. एक खोली नवराबायकोची, एक शिकवणीची, एक सैपाकाची. चौथी तिला कुठे दिसेना आणि विचारायची लाज वाटे.

"ही आपली पेशी. हिच्यात खोल्या. केंद्रकाला तर पडदा लावलेली वेगळी खोली, तिच्यात डीएनएचा धागा. जंतूच्या पेशीत तो धागा नुसता मधोमध पडलेला."

पडलेला म्हणे! जनकाबाईची खाटही मधोमधच होती. सूप सारून ती उंबऱ्यात आली.

"जुन्याचं लई वाईट सांगून राहिलीस, करुणा."

पोरी खुदकन हसल्या.

"वाईट न्हाई, आत्याबाई. असल्या जंतूबिगर दही लागत न्हाई. अन् हे बघा," करुणाने मोठ्या पेशीत एक लांबट गोल काढला, "साऱ्या पेशीला ताकद देणारी खोली ही. म्हणतात, ही आधी असलीच जुनी पेशी होती. मोठीच्या आत आली अन् तिथंच राहिली. आपला धागा बी तिनं सोडला न्हाई."

"नव्या घरात जुनीला जागा दिली म्हन की."

"व्हय. तिच्याबिगर घर चालतच न्हाई."

जनकाबाईला बरं वाटलं, आणि त्यामुळेच धीर आला. तिने अंगणाकडे बोट केलं. "मंग त्या रेघांत माजी कोणती गं?"

पोरींनी वहीत डोकी घातली. पेशीचा कोपरा न् कोपरा सांगणारी करुणा खडू बोटांत फिरवत राहिली. "ते... हे म्हणले, तुमाला ह्या जुन्या खोलीतच करमतंय."

शंका खरी निघाली की जीव हलका होत नाही, उलट भरून येतो. जनकाबाईचाही आला.

"शिकव, पोरींचा टाइम जाऊन राहिला," एवढंच म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी रविंद्र अंगणात पुसट झालेल्या रेघांवर पुन्हा फक्की टाकत होता. जनकाबाईने कोमट दुधात कालचं चमचाभर दही घातलं, ढवळलं आणि सगळ्यांना पुरेल एवढं ते भांडं रोजच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं.