सोल्फ्रिडला दिसणारी माणसं

सोल्फ्रिडच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. जिथे बघावं तिथे धुरकट डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. माशांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेली बाई, तिने त्याचं रडगाणं केलं नाही. पण एका सकाळी तिच्या खिडकीत वीतभर उंचीची माणसं येऊन उभी राहिली. लाल कोट, पिसांच्या टोप्या, आणि बटण न् बटण लख्ख. आवाज मात्र कसलाच नाही.

ती घाबरली. तिच्या मावशीला असंच काहीबाही दिसायचं म्हणून वेड्यांच्या इस्पितळात नेलं होतं, ती परत आलीच नाही.

तिने एकाच माणसाला सांगितलं. ओशिल्ड, भिंतीला भिंत लागून राहणारी, शाळेपासूनची मैत्रीण. ओशिल्ड तिला फेरीबोटीने पलीकडच्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि तिचा हात धरून बसली.

"डोकं शाबूत आहे तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यांकडून चित्रं येईनाशी झाली की मेंदू स्वतःच काढत बसतो. नजर इकडे तिकडे फिरवा, हात पुढे करा. जातील."

येताना बोटीत सोल्फ्रिड इतकी हसली की तिला उचकी लागली. "खरं सांगू? मी त्यांना रोज 'सुप्रभात' म्हणते गं! पण कुणाला बोलू नकोस हं."

"वेडी का तू? मी कशाला बोलेन?"

त्या हिवाळ्यात विणकामाचं मंडळ टोर्गुनच्या घरी जमलं. टेबलावर गरम वाफल, तपकिरी चीज, कॉफी. सोल्फ्रिड खुर्चीत बसली आणि समोर कुणीतरी दिसलं. डोक्यावर फुलांनी लदलेली भली मोठी टोपी, तोंडावर पांढरी जाळी. हलत नव्हतं, बोलत नव्हतं. तिने नजर फिरवली. गेलं नाही. आणि एक गोष्ट तिला खटकली: तिची माणसं नेहमी लख्ख असत, हे ध्यान मधोमध पुसट होतं. एरवी कलकलाट करणाऱ्या बायकाही चिडीचूप होत्या.

तिने हात पुढे केला. बोटांना जाळी लागली आणि तिच्याखाली ऊन ऊन गाल.

खोलीत हशा फुटला. टोपीखालून टोर्गुन ओरडली, "अगं, मला नाही का 'सुप्रभात' म्हणणार?"

'सुप्रभात'चं फक्त ओशिल्डला ठाऊक होतं. सोल्फ्रिडने आवाजावरून तिला शोधलं. ती हसत होती, सगळ्यांच्या बरोबरीने.

सोल्फ्रिडने विणकाम पिशवीत कोंबलं, चाचपडत कोट घातला आणि निघाली. बर्फात ओशिल्ड मागून धावत आली.

"गंमत होती गं! इतकं काय मनाला लावून घ्यायचं?"

"त्या दिवशी माझा हात धरून बसली होतीस. तेव्हाही हसू येत होतं तुला?"

ओशिल्डने तिचा दंड धरला. मग म्हणाली, "थोडंसं."

सोल्फ्रिडने तिचा हात दंडावरून काढला आणि कुंपणाला धरत धरत एकटीच घरी गेली. घरी कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली. ती डोळ्यांसाठी रडली नव्हती, त्या दिवशी मात्र रडली.

मंडळात ती परत गेली नाही. डॉक्टरीणबाईंकडे आता एकटी जाते, बोटीवरचे खलाशी तिला पायरी दाखवतात. ओशिल्डशी भांडण नाही. बेटावर शेजारणीशी भांडून राहायचं कसं? ओशिल्डने तीन-चारदा माफी मागितली, सोल्फ्रिड दर वेळी "असू दे" म्हणाली.

मागच्या आठवड्यात ओशिल्ड केक घेऊन आली. सोल्फ्रिडने कॉफी ओतली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ओशिल्डने हळूच विचारलं, "हल्ली दिसतं का गं काही?"

ओशिल्डच्या मागे जिन्यावर पांढऱ्या घोड्यांची रांग उभी होती, एकेकाची आयाळ वेणी घातलेली, इतकी सुंदर की कुणाला तरी सांगावंसं वाटावं.

"नाही," सोल्फ्रिड म्हणाली. "थांबलं सगळं. साखर घे."