वहिनीमार्फत बसवलेले रॉकर आर्म

दोघे भाऊ एकाच इंजिनावर ओणवे होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. मागच्या मोसमात ऐन शर्यतीत इंजिन फुटलं, तेव्हापासूनचा हा अबोला. थोरल्याच्या मते धाकट्याने गाडी वाजवीपेक्षा ताणली. धाकट्याच्या मते थोरल्याने व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ढिल्या बसवल्या. वहिनीने मनाशी वाटणी करून टाकली होती: अर्धं पाप ह्याचं, अर्धं त्याचं, आणि निरोप पोचवण्याची शिक्षा मात्र सगळी तिची.

आता धाकट्याने पलीकडच्या गॅरेजवाल्याला कळवलं होतं, एवढी शर्यत झाली की तुमच्याकडे येतो. थोरला इंजिन बांधणार, धाकटा ते पळवणार. एकट्याने ह्यातलं काहीच धड जमायचं नाही, हे त्या दोघांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून वहिनीनेच नवे रॉकर आर्म मागवले. रॉकर आर्म म्हणजे व्हॉल्व्हला वरून दाबणारा छोटा हात. हे नवे हात जास्त खोल दाबणारे होते. व्हॉल्व्ह जास्त उघडला की इंजिन जास्त हवा ओढतं, ताकद वाढते. धोका एवढाच, की व्हॉल्व्ह फार खाली गेला तर पिस्टनवर आपटतो. ते तपासायला माणसं दोन लागतात, एक इंजिन हाताने फिरवणारा, दुसरा वर बसून काट्याच्या डायलवर अंतर बघणारा. वहिनीने मागवण्याआधी एवढी चौकशी केली होती.

"तुझ्या दिराला सांग, डायल नीट धर म्हणावं," थोरला खालून म्हणाला.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, मी डायल धरायला त्याच्याकडूनच शिकलोय. बिघडलं असेल तर तिथेच बिघडलंय."

"अहो, भाऊजी म्हणतात धरलाय," वहिनीने निम्मा माल वाटेत उतरवून पुढे धाडला.

थोरल्याने लांब दांड्याचा पाना लावून इंजिन फिरवायला घेतलं. हवा आत घेणारा इनटेकचा व्हॉल्व्ह सुखरूप गेला. मग धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा आला. तो मिटत वर निघालेला आणि पिस्टन खालून त्याच्या मागे लागलेला. धाकट्याने आर्म अंगठ्याने दाबून पाहिला. डायलचा काटा जेमतेम हलला; खाली पिस्टन टेकायलाच आला होता.

"वहिनी, त्याला थांबायला सांगा."

वहिनी पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती. तिला फार तहान लागली होती.

"वहिनी!"

पाना सरकत होता. वहिनी पीत होती.

"दादा, थांब! लागेल!"

पाना जागच्या जागी थांबला. वहिनीने बाटलीचं झाकण लावलं.

"किती राहिलंय?" थोरल्याने विचारलं. थेट.

"कागदाएवढं. गरम झाल्यावर तेही राहणार नाही."

"मग एक्झॉस्टला जुनेच ठेवू. नवे फक्त इनटेकला."

"निम्मेच? लोक हसतील, दादा."

"बॉनेट उघडून हसतील का?"

धाकटा हसला. मग आर्मला खालून ढकलणाऱ्या कुठल्या पुशरॉडची लांबी बरोबर, यावरून दोघे असे जुंपले की वहिनीला मधे शिरायला फट उरली नाही.

संध्याकाळी गाडी डायनोच्या रोलरवर चढवली, ताकद मोजली. पंधरा हॉर्सपॉवरची आशा होती, वाढल्या नऊ.

"नऊ काही कमी नाहीत," धाकटा म्हणाला. "चढावर कळतील."

"पंधरा निघतील. पिस्टनला व्हॉल्व्हपुरत्या खाचा मारल्या की एक्झॉस्टलाही नवे बसतील. शर्यत झाली की घेऊ."

"शर्यत झाली की मी..." धाकटा अडखळला.

थोरला पाना पुसत राहिला; पाना केव्हाच स्वच्छ झाला होता. "खाचा मी मारीन. पण डायलवर परका माणूस नको. मला ओरडून थांबवेल असा हवा."

धाकट्याने बॉनेट सावकाश खाली घेतलं. "त्या गॅरेजवाल्याला काय सांगू?"

"मी सांगते ना," वहिनी पुढे झाली.

"नको," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन काढला. "तुमचे निरोप वेळेवर पोचत नाहीत."