पाहुण्यांपुढे गप्प बसणारी गाडी

ग्लेनिस पॅस्कोने मासे आणि चिप्स तळायचं दुकान विकलं आणि लगोलग पिवळ्याधमक रंगाची, दोनच सीटांची, छत दुमडणारी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा वॉर्नाम्बूल गावातल्या तिच्या ओळखीच्या बहुतेकांचं एकमत झालं की बाईचं डोकं फिरलं. गाडी जुनीच होती, जीलाँगच्या एका दंतवैद्याने वापरलेली, पण दिसायला अशी तोऱ्याची की शेजारची बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना सुद्धा तिच्याकडे पाठ करून उभी राही. ग्लेनिसला त्याचं काही नव्हतं. आख्खी जिंदगी तिने उकळत्या तेलासमोर उभं राहून काढली होती. आता जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून समुद्राच्या कडेने भन्नाट जायचं, एवढंच तिला हवं होतं, आणि कोणाला विचारायची तिची तयारी नव्हती.

पहिले काही दिवस झकास गेले. मग एका दुपारी पोर्ट फेअरीच्या रस्त्यावर तिच्या डाव्या कानामागे आवाज आला. टक. थोड्या वेळाने टक टक. मग बराच वेळ काही नाही, आणि गाडी विसरली असं वाटत असतानाच पुन्हा टक. कोणीतरी वाढलेल्या नखाने प्लास्टिकच्या ताटलीवर वाजवावं तसा. मोठा नव्हता तो. पण घरात एकच डास असला तरी झोप लागत नाही, तशातली गत. आठवडाभरात ग्लेनिसला समुद्र दिसेनासा झाला, नुसता आवाज ऐकू यायला लागला.

ती गाडी घेऊन रॉडनीच्या गॅरेजमध्ये गेली. रॉडनीने तिला शेजारी बसवलं आणि गाडी बाहेर काढली. रेल्वेच्या फाटकावरून नेली, खडीवरून नेली, गतिरोधकावरून तर अशी उडवली की ग्लेनिसच्या दातांचा आवाज आला. गाडीचा आला नाही. रॉडनीने तरी प्रामाणिकपणे गाडी दोन दिवस वर टांगून ठेवली, हाताला लागेल तो प्रत्येक बोल्ट आवळला आणि धुराड्याखालचा पत्राही बदलला. ग्लेनिस गाडी घेऊन निघाली, कोपऱ्यावर वळली, आणि टक. ती तशीच उलटी फिरली. रॉडनी शेजारी येऊन बसला. गाडी पुन्हा मुकी.

मग तिने क्लब गाठला. स्पोर्ट्स कार बाळगणारी मंडळी रविवारी सकाळी किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत जमत, गाड्यांची तोंडं उघडून ठेवत आणि एकमेकांच्या इंजिनात डोकावून, बाळाचं कौतुक करावं तसं कौतुक करत. तिथे आवाजावर जेवढे तज्ज्ञ होते तेवढी निदानं निघाली. एकाच्या मते दांडा, दुसऱ्याच्या मते रबर, तिसरा म्हणाला, पेट्रोलच्या टाकीतच काहीतरी पडलंय. शेवटी अध्यक्ष वॉरिक पुढे झाला. वॉरिक निवृत्त शाळा तपासनीस होता आणि त्याच्याकडे खास गाड्यांसाठी घेतलेला स्टेथोस्कोप होता. तो कानाला लावून, ग्लेनिसच्या शेजारी बसून, गुडघे हनुवटीला टेकवून त्याने लाइटहाउसपर्यंत फेरी मारली. गाडीतून हूं की चूं नाही. उतरल्यावर वॉरिकने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय हळुवारपणे सांगितलं की एकट्या राहणाऱ्या माणसांना कधीकधी असं ऐकू येतं, तिने एकदा कान तपासून घ्यावेत.

ग्लेनिसने तो हात खांद्यावरून काढून वॉरिकच्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. बॉनेट तापलेलं होतं. पण घरी जाताना, आणि तो आवाज पुन्हा यायला लागल्यावर, ती चर्चमागच्या रस्त्यावर गाडी थांबवून नुसतीच बसून राहिली. तिच्या आईला शेवटच्या वर्षांत भिंतीत मूल रडताना ऐकू यायचं. आई त्या भिंतीला दूधबिस्किटं नेऊन द्यायची. ही गोष्ट ग्लेनिसने कधी कोणाला सांगितली नव्हती. तिने कान तपासून घेतले. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं की कान उत्तम आहेत, कुत्र्याला हेवा वाटेल असे. त्याने ग्लेनिसला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच धसका बसला. कान ठीक असतील, तर मग बिघाड कुठे?

त्या रविवारी दुपारी लिंडसे जेवायला आला. लिंडसे क्विल्टी म्हणजे तिचा आधीचा नवरा. तो पूर्वी अडथळ्यांच्या शर्यतीतला जॉकी होता, उंचीने बुटका, अंगाने चिपाड, आणि त्याच्या शरीरात न मोडलेलं हाड शोधावं लागलं असतं. त्याने तिला न विचारता एका घोड्यात अर्धी भागीदारी घेतली होती, आणि तो घोडा पळायचा तेव्हा ग्लेनिसची खात्रीच पटायची की त्यांच्या वाट्याला मागचा अर्धा आलाय. त्यावरून सुरू झालेलं भांडण घटस्फोटापर्यंत गेलं. पण दोघांनी लग्न मोडलं तरी रविवारचं जेवण मोडलं नव्हतं. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, बारा वाजता यायचा, भाजलेलं मटण पुदिन्याच्या सॉसबरोबर चापायचा, भांडी घासायचा आणि जायचा.

ग्लेनिसने त्याला सगळं सांगितलं. आईचं सोडून.

लिंडसेने मटणाचा तुकडा तोंडात ठेवून विचार केला. "म्हणजे कोणी शेजारी बसलं की ती बोलत नाही."

"एक अक्षर नाही. पाहुण्यांसमोर लाजते जशी."

"घोडीसुद्धा असते अशी. मालक आला की लंगडत नाही. मालक गेला की लंगडते. आपण लपून बघायचं."

"गाडीत कुठे लपणार तू? दोन सीटा आहेत."

लिंडसेने काट्याने खिडकीबाहेर दाखवलं. गाडीच्या मागच्या बाजूला. दुमडलेलं छत डिकीतच जायचं, त्यामुळे छत बंद असलं की त्या गाडीची डिकी बऱ्यापैकी मोठी व्हायची. ग्लेनिसने एकदा डिकीकडे पाहिलं, एकदा लिंडसेकडे. इतक्या वर्षांत त्याच्या उंचीचा उपयोग तिला पहिल्यांदाच दिसला.

जेवण होताच त्यांनी त्याला आत बसवलं, म्हणजे घडी करून ठेवलं. खाली रजई, डोक्याखाली उशी, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात ग्लेनिसचा लाकडी डाव. आवाज डावीकडून आला तर सीटच्या पाठीवर एकदा ठोकायचं, उजवीकडून आला तर दोनदा. लिंडसेने विचारलं की वरून आला तर काय. ग्लेनिसने डिकी बंद केली.

कोरॉइटच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी गप्प होती. मग टेकडीचा उतार संपला, रस्ता जरा खडबडीत झाला, आणि तिच्या डाव्या कानामागे टक वाजलं. पाठोपाठ ठक.

"हा तू की ती?" ग्लेनिस ओरडली.

"आधीचा तिचा, नंतरचा माझा." सीटच्या मागून लिंडसेचा दबका आवाज आला. "ऐकलं मी, ग्लेन. स्पष्ट ऐकलं. डावीकडे आहे, पण माझ्याकडे नाही. तुझ्याकडे, पुढे."

ग्लेनिसला समोरचा रस्ता जरा धूसर दिसायला लागला होता. म्हणजे आवाज होता. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी कानात तो शिरला होता, मग भले तो माणूस डिकीत का पडलेला असेना. चुका कितीही केल्या असल्या, तरी हा माणूस खोटं कधी बोलला नव्हता. घोड्याबद्दलसुद्धा त्याने विचारल्याबरोबर कबूल केलं होतं.

पुढे शेताच्या फाटकाशी बटाट्यांची पोती मांडून ठेवलेली होती. राखायला कोणी नाही, नुसता पैसे टाकायचा डबा. मन हलकं झालं की ग्लेनिसला खरेदी सुचायची. तिने एक पोतं उचललं आणि डिकीपाशी आल्यावर तिला आठवलं की डिकी भरलेली आहे. पोतं शेजारच्या सीटवर ठेवलं. गाडी निघाली तशी समोरचा दिवा लुकलुकायला लागला आणि पीं पीं सुरू झालं. सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची तक्रार. ग्लेनिसने गाडीला एक शिवी हासडली, पोत्याला पट्टा बांधला आणि पुढे निघाली.

बरंच अंतर गेल्यावर मागून डाव वाजायला लागला. लिंडसे विचारत होता की ती रस्ता सोडून कापसावरून चालली आहे का, कारण आवाज बंद झाला होता. ग्लेनिसच्याही आत्ताच ध्यानात आलं. तोच रस्ता, तेच खड्डे, आणि गाडी चिडीचूप. तिने मुद्दाम एका खड्ड्यात चाक घातलं. लिंडसेच्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नव्हतं, पण गाडीतून काही निघालं नाही.

या कोड्याचा विचार करतच ती वळण घेऊन हमरस्त्याला आली, आणि समोर पोलिसांची व्हॅन उभी. मे महिन्याच्या घोड्यांच्या शर्यती तोंडावर आलेल्या, त्यामुळे पोलीस येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दारूच्या तपासणीसाठी तोंडात नळी देत होते. ग्लेनिसला बाजूला घेतलं गेलं. खिडकीशी आलेल्या तरुण कॉन्स्टेबलच्या छातीवर वेल्ला असं नाव होतं. तिने गाडीचं कौतुक केलं, यंत्र पुढे धरलं आणि जोरात फुंकायला सांगितलं. ग्लेनिसने फुंकलं. यंत्राला काही सापडलं नाही. वेल्ला "जा" म्हणणार इतक्यात मागून ठक असा आवाज आला. गाडी का थांबली, हे लिंडसेला कळत नव्हतं. मग ठक ठक.

वेल्ला थबकली. "बाई, डिकीत काय आहे?"

खोटं बोलावं का, असा विचार ग्लेनिसने केला. पण तिला त्या क्षणी एकही खोटं सुचलं नाही. "माझा आधीचा नवरा आहे," ती म्हणाली.

कॉन्स्टेबल वेल्लाचा हात कमरेकडे गेला. तिने ग्लेनिसला खाली उतरवलं, सहकाऱ्याला हाक मारली आणि डिकी उघडायला लावली. आत लिंडसे क्विल्टी रजईत गुंडाळलेला, छातीवर डाव घेऊन, डोळे किलकिले करून पडला होता. त्याने वेल्लाला नमस्कार केला आणि आवाज सापडला का म्हणून विचारलं.

त्याला सरळ उभं करायला दोघा पोलिसांना काही वेळ लागला. तो पळवून आणलेला नाही, स्वखुशीने घडी झालेला आहे, हे पटवायला आणखी वेळ गेला. मग वेल्लाने गाडीत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि सावकाश म्हणाली, "बाई, तुम्ही बटाट्यांना पट्टा बांधलाय आणि माणसाला डिकीत टाकलंय."

"बटाटे ताजे आहेत," ग्लेनिस म्हणाली.

वेल्लाचा सहकारी व्हॅनच्या मागे गेला आणि तिथून खोकल्यासारखा काहीतरी आवाज येत राहिला. वेल्लाने मात्र चेहरा जागेवर ठेवला. दंड होणारच, असं तिने सांगितलं, आणि इथून पुढे बटाटे मागे, माणूस पुढे. तिने स्वतःच वाकून पोत्याचा पट्टा सोडला. पट्टा सर्रकन वर गेला, पण पुरता गुंडाळला गेला नाही. जरा सैलच लोंबकळत राहिला, आणि त्याच्या टोकाची ती लोखंडी जीभ दाराशेजारच्या प्लास्टिकवर आपटली.

टक.

तिघेही हलले नाहीत. मग लिंडसेने हात लांबवून एका बोटाने ती जीभ हलवली. टक टक. शेजारी माणूस बसला की पट्टा बांधला जायचा आणि ही जीभ खाचेत अडकून बसायची. रॉडनीने बांधला होता, वॉरिकने बांधला होता, आणि आज बटाट्यांनाही बांधला होता. गाडी लाजत नव्हती. ग्लेनिस एकटी असली की तेवढा तो पट्टा मोकळा लोंबकळायचा.

ग्लेनिसने स्वतः ती जीभ वाजवून पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग ती रस्त्याच्या कडेला, दोन पोलीस, एक पोतं आणि एक नवरा यांच्यासमोर इतकी हसली की वेल्लाने तिला परत एकदा नळीत फुंकायला लावलं.

परतीच्या वाटेवर लिंडसे पुढे बसला, पट्टा बांधून. गाडी इतकी शांत होती की इंजिन श्वास घेतंय तेही कळत होतं. टॉवर हिलच्या टेकडीपाशी लिंडसे खिडकीकडे बघत म्हणाला की गाडीला खरं तर एवढंच हवं होतं, शेजारी कोणीतरी. आणि तो स्वतः हल्ली मोकळाच असतो.

ग्लेनिसने गिअर बदलला. तिने खरोखरच विचार केला, त्याचा चेहरा बघून थट्टा करावीशी वाटली नाही म्हणून. "लिंडसे, तू माझ्या शेजारी इतकी वर्षं बसलास," ती म्हणाली, "या गाडीच्या दसपट आवाज होता रे."

"ते आहे," लिंडसे म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग फक्त रविवारी?"

"रविवारी चालेल. जेवणानंतर. आणि घोड्यांविषयी एक शब्द नाही."

त्यानेही विचार केला, कारण अट सोपी नव्हती, आणि मग कबूल केली.

मग आईच्या भिंतीची आणि दूधबिस्किटांची गोष्ट तिने त्याला सांगितली. का सांगितली ते तिलाही नक्की कळलं नाही. लिंडसे म्हणाला की ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याची सासू दर वेळी त्याच्याच हातात बशी द्यायची. आणि तो ती बशी नेऊन भिंतीपाशी ठेवायचा, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बिस्किटं मात्र नंतर तोच खायचा. ग्लेनिसने त्याच्याकडे वळून पाहिलं, तेवढ्यात गाडी जरा पांढऱ्या रेषेवर गेली.

घरासमोर थांबल्यावर नवीनच अडचण उभी राहिली. इतक्या खाली बसलेल्या लिंडसेला वर येता येईना. मोडलेल्या हाडांपैकी बहुतेक कमरेतली होती, आणि डिकीतून काढायला निदान दोन पोलीस तरी होते. ग्लेनिसने त्याचे दोन्ही हात धरले, पाय गाडीच्या उंबऱ्याला टेकवले आणि जोर लावला. तो अर्धा उठला आणि परत बसला. दुसऱ्या खेपेला तो बाहेर आला, पण ग्लेनिस हिरवळीवर उताणी पडली आणि तो तिच्यावर. शेजारची बाई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आली होती. या वेळी तिने पाठ केली नाही. डबा तिथेच ठेवून, हाताची घडी घालून, ती नीट बघत उभी राहिली.

"ऊठ आता," ग्लेनिस खालून म्हणाली.

"प्रयत्न करतोय," लिंडसे म्हणाला.