राहीबाईचा ‘के’

शहात्तर साली आमच्या साखर कारखान्यात संगणक शिकून आलेला मी एकटाच, त्यामुळे अंगात जरा मस्ती होती. ऊसतोडणीच्या पाळीच्या चिठ्ठ्या मी पुण्याच्या यंत्रावर इंग्रजीत छापून आणायचो. यंत्रात घालायचं प्रत्येक शेतकऱ्याचं एक कार्ड, त्यावर जागा कमी, म्हणून फोर्ट्रानमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. नाव शेवटाकडून कापत जायचं आणि दुसऱ्या कुणाशी घोटाळा होणार नाही एवढंच ठेवायचं. हंबीरराव एका अक्षरात भागले. राहीबाई मात्र दोन होत्या, एक केरबाची, एक नाथाजीची. त्यांच्या नावापुढं नवऱ्याचं पहिलं अक्षर ठेवावंच लागलं.

पुढच्या हंगामात केरबाची राहीबाई भर दुपारी ऑफिसात आली.

“आवं सायेब, माजा के कुटं गेला?”

तिला वाचता येत नव्हतं. पण एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीनं केरबाची काळी ट्रंक तेवढी घरी पाठवली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत त्याचं नाव होतं आणि ती ते रोज पुसून लख्ख ठेवायची. त्यातलं पहिलं अक्षर तिला गेल्या वर्षी चिठ्ठीवर भेटलं होतं.

मी यादी पाहिली. नाथाजीची राहीबाई दसऱ्याला वारली, तेव्हा तिचं कार्ड मीच काढलं होतं. आता राहीबाई एकच उरली, यंत्राला ‘आर’ पुरला. हे मी तिला ऐटीत समजावलं.

“ऊस येळेवर तुटंल, मावशी.”

“ऊस तुटंल वो. पर ती गेली ती माज्या मालकालाबी संगं घिऊन गेली व्हय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीबाहेर उसाला तुरे आले होते, सगळं शिवार पांढरं होऊन हळूहळू डुलत होतं.

पुण्याला निघालो, तर साताऱ्याच्या पुढं एसटीत डोळा लागला. तुऱ्यांतून नावं तरंगत चालली होती आणि एकेक अक्षर वाऱ्यावर सोडून देत होती. मी ती ओंजळीत धरायला धावत होतो. जागा झालो तेव्हा मूठ घट्ट मिटलेली होती.

पुण्यात मी गेलेल्या राहीबाईचं कार्ड पुन्हा लावलं. उसाचं क्षेत्र शून्य टाकलं. माणूस जिवंत आहे का, हे यंत्र विचारत नाही.

नव्या चिठ्ठ्या आल्या. राहीबाईनं ‘के’वर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही.

“आन ही दुसरी?”

“नाथाजींच्या राहीबाईची.”

“द्या हिकडं,” ती म्हणाली. “बांधाला बांध हाय आमचा. सांगते तिला, तुजीबी पाळी आलीया म्हणून.”