दुसरी बाटली

त्या वाइनरीत तिला सगळे काकू म्हणत. लेबलं लावायच्या खोलीत तिची एकवीस वर्षं गेली होती. बाटली पुसायची, लेबल सरळ बसवायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा-सहा भरायच्या. लाखभर बाटल्या हाताखालून गेल्या असतील, पण थेंब कधी जिभेला लागला नव्हता.

तिचे यजमान खाली तळघर सांभाळायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. घरी आले तरी डोकं पिंपातच. "द्राक्षांत सिराह म्हणजे घरातला थोरला," ते जेवता जेवता सांगायचे, "लवकर खुलत नाही. ग्रनाश धाकटी, आल्या आल्या गळ्यात पडते. दोघांना एका पिंपात नांदवता नांदवता माझ्या तोंडाला फेस येतो."

"दोघांचं एवढं कौतुक, मग मला कधी चाखवणार?"

"या सालची नुसती सिराह भरलीय, चांगली निघेल. बारा वर्षं जाऊ देत. मग तू आणि मी, दोघंच बसू."

बारा वर्षांना दोन वर्षं उरली असताना मास्तर गेले. सकाळी छातीत कळ आली, आणि दुपारी सगळं संपलं.

काकू कामावर येत राहिली. तळघराच्या जिन्याजवळून जाताना मात्र ती पाय उचलून चालायची. खालून ओलसर लाकडाचा वास वर आला की त्यांच्या सदऱ्याची आठवण यायची आणि हातातलं लेबल तिरकं बसायचं.

एका मंगळवारी सकाळी वाइनमेकर मॅडम दारात आल्या. मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"काकू, हात धुऊन या. साबण नको, नुसतं पाणी. मास्तरांची सिराह उघडतेय. बारा वर्षं झाली."

चाखायच्या खोलीत पांढऱ्या कापडावर तीन पेले होते. मालक आधीच येऊन बसले होते. या वाइनच्या दोनशे बाटल्या अजून ठेवायच्या की आता विकायला काढायच्या, हे आज ठरायचं होतं.

मॅडमनी ओतलं, पेला फिरवला, हुंगला. कपाळावर आठी पडली. मालकांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"मेली ही. फळाची चव नाही, काही नाही. मास्तरांनी फार ताणली. काढून टाकू."

बारा वर्षं काकू जिची वाट बघत होती ती ही? तिने पेला नाकाशी नेला. सदऱ्याचा वास कुठेच नव्हता. होता तो दुसराच, आणि तो तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

"चुकत असेन तर सांगा," ती चाचरत म्हणाली, "पण याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. खोकी भिजली की खोलीभर पसरतो ना, अगदी तस्सा."

मॅडमनी पेला पुन्हा उचलला, डोळे मिटले आणि त्या एकदम ओशाळल्या. "बूच! या बाटलीचं बूच खराब आहे, वाइन नाही. दोन दिवस नाक चोंदलंय माझं. म्हटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही."

मालक हसले. "काकूंच्या आलं."

दुसरी बाटली उघडली. तळाचा गाळ हलू नये म्हणून मॅडम इतक्या हळू ओतत होत्या की काकूचाच श्वास अडकला. सुरुवातीला काहीच नाही. मालक घड्याळ बघू लागले, पण मॅडम म्हणाल्या, "हिला हवा लागू द्या." अर्ध्या तासाने पेल्यातून काळी मिरी आली, मग धूर, मग सुकवलेल्या आलुबुखाऱ्यासारखं काहीतरी गोड, गडद.

काकूने आयुष्यातला पहिला घोट घेतला. जीभ आखडली. 'हे पितात लोक?' असं मनात येतंय तोवर घोट खाली उतरला होता, आणि चव मात्र तशीच मागे रेंगाळली. किती वेळ! ती सांगायला उजवीकडे वळली, "अहो..."

खुर्चीवर मॅडमची पर्स होती.

मालकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"अजून पाच वर्षं ठेवू," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आणि काकू, दर मंगळवारी तुम्ही खाली यायचं. मला नाक हवंय."

"येईन," काकू म्हणाली.

घरी पोचल्यावर तिने थोरल्या बहिणीला फोन लावला आणि पुठ्ठ्याची सगळी गंमत एका दमात सांगितली. ताई खो-खो हसली.

"बरं, पण ती चांगली बाटली लागली कशी?"

"सांगते," काकू म्हणाली आणि फोन कानाला लावून नुसतीच बसून राहिली. ताईनेही घाई केली नाही.